घोड्याची लाज नेमकी कुणाला?

विषय घोड्याच्या लिंगाच्या स्वच्छतेचा आहे. हसू आलं असेल तर आधी हसून घ्या, मी थांबतो. या विषयावर तोंड उघडलं की पहिल्या मिनिटाला हशा, दुसऱ्या मिनिटाला चावट विनोद आणि तिसऱ्या मिनिटाला विषयबदल. हा क्रम मी चहाच्या टपरीपासून शिकल्यासवरल्या मित्रांच्या व्हॉट्सॲप गटापर्यंत सगळीकडे सारखाच पाहिला आहे. बोलणारा मुसलमान असला की त्याच्या वाट्याला एक जादा विनोद येतो : "आता काय घोड्याची पण सुन्ता करणार?" तोही ऐकून झाला. आता कामाचं बोलू.

घोड्याचं लिंग एरवी कातडीच्या पिशवीत आत ओढलेलं असतं. या पिशवीला सोयीसाठी कोश म्हणू. त्या कातडीला आत दुहेरी घडी असते. कातडीतल्या ग्रंथींचा स्राव, झडलेल्या पेशी, धूळ आणि लघवीचे थेंब यांचा मिळून तिथे करडा-काळा, चिकट मळ तयार होतो. थोडा मळ हा निसर्गाचाच भाग आहे, तो कातडीला जपतो. अडचण होते ती तो साठून वाळू लागला की. मूत्रमार्गाच्या तोंडाभोवती एक छोटा खळगा असतो. त्यात हा मळ दाबला जाऊन घट्ट होतो आणि त्याचा खडा बनतो, कधी घेवड्याच्या दाण्याएवढा, कधी त्याहून मोठा. इंग्रजीत त्याला बीनच म्हणतात. खडा मोठा झाला की मूत्रमार्गाच्या तोंडावर दाब येतो. धार फाकते, थेंबथेंब होते, घोडा पाय ताणून उभा राहतो, शेपटी आपटतो, पोटाकडे लाथ मारतो. मालक म्हणतो, पोटात दुखतंय, ओवा द्या.

खच्ची केलेल्या घोड्यात हा त्रास जास्त दिसतो, कारण तो लिंग पुरतं बाहेर काढणं कमी करतो. पण सांड घोडा त्यातून सुटला असं नाही. त्याच्या बाबतीत दुसरी भानगड असते, तिच्याकडे पुढे येतो.

आता कोणी विचारेल, कुणकेश्वरला बसून घोड्याची एवढी उठाठेव कशाला? हा काही घोड्यांचा मुलूख नव्हे. इथे बैल, रेडे आणि हापूस. प्रश्न बरोबर आहे. पण महाशिवरात्रीची यात्रा भरली, सुट्ट्यांत पर्यटक वाढले की पुळणीवर सवारीचं घोडं दिसतं, आणि ते बहुतेक घाटावरून आलेलं असतं. शिवाय कुणकेश्वरच्या देवळाची जी गोष्ट या किनाऱ्यावर लहानपणापासून ऐकवतात, ती आठवा. वादळात सापडलेला एक परदेशी मुसलमान व्यापारी, कोणी त्याला इराणी म्हणतं तर कोणी अरब. त्याला काळोखात किनाऱ्यावर दिवा दिसला, तो वाचला आणि नवस फेडायला त्याने देऊळ बांधलं. देवळाच्या परिसरात त्याचं म्हणून थडगं दाखवतात. त्याच्या गलबतात काय माल होता हे गोष्ट सांगत नाही. पण इराण-अरबस्तानातून कोकणच्या बंदरांत शेकडो वर्षं जो सर्वांत महाग माल उतरत होता, तो घोडा होता. दाभोळ, चौल, गोवा ही बंदरं त्या व्यापारावर पोसली. बहामनी आणि विजयनगर या दोन्ही सत्तांचं घोडदळ समुद्रावरून येणाऱ्या जनावरांवर अवलंबून होतं. गोवा घेतल्यावर पोर्तुगीजांनी हा व्यापार आपल्या मुठीत ठेवण्याची धडपड केली, ती उगाच नाही.

तेराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेत आलेल्या मार्को पोलोने या व्यापाराबद्दल एक गोष्ट नोंदवली आहे, ती मला फार बोचते. पलीकडच्या किनाऱ्यावर, तमिळ मुलखात, दरसाल हजारो घोडे उतरतात आणि वर्षभरात त्यातले बरेच मरतात, कारण तिथल्या लोकांना घोडा सांभाळता येत नाही. आणि घोड्यांचे व्यापारी स्वतः नालबंद-वैद्य आणत नाहीत, दुसऱ्या कोणाला तिकडे जाऊही देत नाहीत. घोडे मेले तर पुढच्या वर्षी पुन्हा विकता येतात ना! सगळेच व्यापारी असे होते, असं मी म्हणणार नाही. पण जनावराबद्दलचं अज्ञान कुणाच्या तरी फायद्याचं असतं, हे पोलोला सातशे वर्षांपूर्वी दिसलं होतं.

आज तो फायदा कुणाचा? बाजारात जाऊन बघा. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांची यात्रा भरते. तिथे लाखांचे सौदे होतात. घेणारा काय बघतो? भोवरे बघतो. देवमण आहे का, पंचकल्याण आहे का, कान कसे जुळतात, चाल कशी आहे. दात बघून वय काढतो. अंगावर एखादा भोवरा चुकीच्या जागी निघाला तर लाखाचं जनावर हजारात येतं. पण कोशात हात घालून बघणारा गिऱ्हाईक मला अजून भेटायचा आहे. भोवऱ्याने घोडा मेल्याचं उदाहरण कुणापाशी नाही. लिंगावरच्या कर्करोगाने मात्र घोडे मरतात.

नुकरा घोड्याचंच घ्या. पांढराशुभ्र, गुलाबी कातडीचा. वरातीत त्याच्याइतका भाव कुणाला नाही. घोड्याच्या लिंगावर होणाऱ्या गाठींत सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग हा वरच्या कातडीच्या पेशींचा असतो आणि रंगद्रव्य नसलेल्या गुलाबी कातडीला त्याचा धोका अधिक. पूर्वी साठलेल्या मळाच्या सततच्या चुरचुरीवर सगळा दोष ठेवत. आता घोड्यातल्या एका पॅपिलोमा विषाणूशी त्याचा संबंध दिसून आला आहे. कारण काहीही असो, सुरुवातीला तो फोडीएवढा असतो आणि त्या वेळी सापडला तर तेवढाच भाग काढून घोडा वाचतो. उशीर झाला तर लिंगच कापावं लागतं, किंवा तेही जमत नाही. म्हणजे ज्या घोड्यासाठी आपण सर्वांत जास्त पैसे मोजतो, त्याचीच ती जागा सर्वांत जास्त बघायला हवी. तीच कोणी बघत नाही. झूल मात्र जरीची.

आणि कोकणातला पाऊस. पावसाळ्यात घोड्याच्या अंगावर न भरणाऱ्या जखमा होतात, त्यांना उत्तर हिंदुस्थानात बरसातीच म्हणतात. इंग्रजी फौजेच्या घोडे-डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात हा आजार इथल्याच नावाने आपल्या कागदांत उतरवून घेतला. त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे घोड्याच्या पोटात राहणारा एक कृमी. माश्या त्याच्या अळ्या घेऊन ओल्या जागी बसतात. ओल्या जागा म्हणजे डोळ्याचा कोपरा, ओठ, आधीची जखम आणि लिंगाचं टोक. तिथे मांस वाढतं, त्यात पिवळे कणीदार खडे सापडतात, रक्त येतं. वेळीच कृमीचं औषध दिलं आणि माश्या आवरल्या तर आटोक्यात येणारी गोष्ट आहे. पण ती दिसायला आधी कोणीतरी वाकून बघायला हवं.

दोन वर्षांपूर्वी यात्रेत एक तट्टू पाहिलं. पोरांना बसवून पुळणीवर चकरा मारत होतं. मध्येच थांबायचं, पाय ताणायचं, लघवीसाठी जोर करायचं, चार थेंब पडायचे. पोरं हसत होती, मालक लगाम ओढत होता. कोशाला सूज होती, वासही येत होता. मी म्हटलं, "भाई, एकदा डॉक्टरला दाखवा, आत खडा असेल." तो माझ्याकडे बघून ओशाळं हसला. म्हणाला, "चाचा, ती जागा अल्लाने दिली, जनावर आपलं आपण बघतं. आपण तिथं हात लावायचा म्हणजे…" वाक्य पुरं केलं नाही. माणूस दुष्ट नव्हता. तट्टूला पाणी पाजल्याशिवाय स्वतः चहा घेत नव्हता, खुरातली वाळू दर चकरीनंतर काढत होता. दुसऱ्या दिवशी तो पुढच्या जत्रेला निघून गेला.

माझं भांडण त्या अर्धवट वाक्याशी आहे.

आपण मुसलमान घरात वाढलेली माणसं आहोत. मक्तबमध्ये पोराला सहाव्या-सातव्या वर्षी इस्तिंजा शिकवतात. कुठला हात, किती पाणी, थेंब राहिला तर काय, कपड्याला लागलं तर काय. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, आमच्या फिकहच्या किताबांची सुरुवातच तहारतीपासून होते आणि त्यात शरीराची एकही जागा लाजून वगळलेली नाही. उम्मे सुलैम यांनी बायकांच्या गुस्लबद्दलचा अतिशय नाजूक सवाल प्रेषितांना थेट विचारला, आणि खरं विचारायला अल्लाह लाजत नाही अशा अर्थाची सुरुवात करून विचारला. उत्तर मिळालं, कोणी त्यांना गप्प केलं नाही. प्रेषित (स.) आपल्या चादरीने घोड्याचं तोंड पुसताना दिसले, अशी रिवायत इमाम मालिकांच्या 'मुवत्ता'त आहे. कुराणात एका सूरहची सुरुवातच धावणाऱ्या घोड्यांच्या शपथेने होते. एवढं सगळं पाठ असलेला समाज स्वतःच्या रोजीरोटीच्या जनावराची एक जागा धुवायला लाजतो. या लाजेला हया म्हणू नका. हया म्हणजे गैर करायची शरम. दुखणं बघायची शरम हा वेगळाच प्रकार आहे.

हिंदू शेजाऱ्यांनीही फार खूश होऊ नये. आपल्या वाडीत बैल बडवायचे तेव्हा बघायला पोरंसोरं गोळा व्हायची. आता चिमटा आला, तरी गर्दी तीच. गाय माजावर आली, फळली, उलटली हे शब्द जेवणाच्या पानावर उच्चारले जातात, बायामाणसांसमोर. त्यात कुणाला काही वाटत नाही आणि वाटूही नये, शेतकऱ्याचं ते काम आहे. मग घोड्याच्याच बाबतीत तोंड का शिवलेलं? मला वाटतं, घोडा आपल्याकडे शेताचं जनावर नाही, दिमाखाचं आहे. त्याच्याभोवती मर्दानगीचे इतके किस्से आणि इतक्या शिव्या लटकवल्या आहेत की त्याचं लिंग हे आपल्याला अवयव वाटतच नाही, टिंगलीचा विषय वाटतो. बैलाचा फायदा एवढाच की त्याच्याबद्दल कोणी फुशारकी मारत नाही.

आणि ही लाज जुनीसुद्धा नाही. घोड्यांच्या वैद्यकाला या देशात शालिहोत्राच्या नावाने मोठी परंपरा आहे. नकुलाच्या, जयदत्ताच्या नावावर संस्कृत ग्रंथ आहेत. ते पुढे फारसीत गेले, फरसनामे म्हणून दरबारांत लिहिले-वाचले गेले. शहाजहानच्या काळातही असं भाषांतर झालं. संस्कृत शालिहोत्राचा फारसी-उर्दूत सालोतर झाला आणि घोड्याचा वैद्य सालोत्री. इकडे सालोत्री, तिकडे अरबीत बैतार, हे इज्जतीचे पेशे होते. घोड्याच्या कुठल्याही भागाला हात लावणं त्यांच्या कामात बसत होतं. तो पेशा गेला. राहिला तो मोतद्दार, म्हणजे कमी पगाराचा पोरगा, ज्याला खरारा कसा मारायचा आणि चंदी किती द्यायची एवढंच कोणीतरी दाखवलेलं असतं.

आता दुसऱ्या टोकाकडे वळतो, कारण तिथेही माझं भांडण आहे. शहरातल्या काही घोडेवाल्यांना मोबाइलवरून परदेशातले व्हिडिओ बघून नवीन साक्षात्कार झाला आहे. दर आठवड्याला साबण लावून घसाघसा धुणं. कोणी जंतुनाशक न मिसळता ओततं, कोणी फिनाइलचा बोळा फिरवतं. हे अडाणीपणापेक्षा वाईट. त्या कातडीवर नेहमीच्या निरुपद्रवी जिवाणूंची वस्ती असते. साबणाने ती पुनःपुन्हा उडवली की मोकळ्या जागेत सूडोमोनास, क्लेब्सिएला यांसारखे त्रासदायक जिवाणू बस्तान मांडतात. प्रजननासाठी ठेवलेल्या सांडांमध्ये हे चांगलं माहीत आहे. तिथे आता बहुतेक जाणकार नुसत्या कोमट पाण्यावर भागवतात. म्हणजे न धुणारा आणि रोज धुणारा, दोघांनीही घोड्याकडे बघितलेलं नाही. एकाने लाजेने, दुसऱ्याने हौसेने.

करायचं ते फार थोडं आहे. वर्षातून एकदा, फार तर दोनदा नीट तपासायचं. मळ वाळून साठला असेल, खडा लागत असेल, सूज वा दुर्गंध असेल तरच धुवायचं. घोडा काम करून निवांत उभा असताना स्वतःच लिंग सोडतो, ती वेळ साधायची. खांद्याजवळ अंगाला चिकटून उभं राहायचं, एक हात पाठीवर ठेवायचा म्हणजे लाथेचा अंदाज आधी येतो. नखं कापलेली हवीत, हातमोजे हवेत. कोमट पाणी आणि कापूस. वाळलेला थर ओरबाडायचा नाही. आपल्याकडे खोबरेल तेल घरोघरी आहे, ते लावून मऊ पडू द्यायचं, दुसऱ्या दिवशी अलगद काढायचं. मूत्रमार्गाच्या तोंडाभोवतीच्या खळग्यात बोटाचं टोक फिरवलं की खडा लागतो आणि हलक्या दाबाने बाहेर येतो. शेवटी भरपूर पाण्याने सगळं धुऊन काढायचं. फोड, मांसाची वाढ, रक्त, न भरणारा व्रण दिसला तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा. पावसाळ्यात मात्र नुसती नजर आठवड्याला एकदा टाकायला हवी, माश्यांमुळे. आणि हो, दुडक्या चालीत काही घोड्यांच्या कोशातून जो पचपच आवाज येतो, तो मळाचा असतो अशी समजूत आहे. तो बहुतेकदा ताणलेल्या स्नायूंमुळे आणि आत-बाहेर होणाऱ्या हवेमुळे येतो. त्या आवाजावरून धुवायला धावू नका.

लाथ मारणाऱ्या घोड्याला गुंगीचं इंजेक्शन लागतं. ते डॉक्टरनेच द्यायचं. मेडिकलवाल्याच्या किंवा कंपाउंडरच्या सल्ल्याने दिलेल्या ॲसेप्रोमाझिनसारख्या औषधाने सांड घोड्याचं लिंग बाहेरच राहून लुळं पडू शकतं, आणि मग ते परत आत जाईलच याची खात्री नाही. खडा काढायला गेले आणि घोडा गमावून बसले, असं व्हायला नको.

सांडाची दुसरी भानगड म्हणालो होतो, ती अशी. 1977 साली इंग्लंडमध्ये न्यूमार्केटच्या घोडी एकामागून एक गाभण राहीनात. कारण निघालं एक नवा जिवाणू. तो सांडाच्या लिंगावरच्या मळात, त्याच खळग्यात राहत होता. सांडाला काहीही होत नव्हतं, ताप नाही, सूज नाही. रोगी दिसत होत्या त्या फक्त घोडी. आपल्याकडे घोडी फळली नाही तर दोष घोडीचा, हे ठरलेलं आहे. सांडाची तपासणी मागितली तर मालकाला ती शिवी वाटते. माणसांच्या घरांत याहून वेगळं चालतं असं नाही, पण तो लेख दुसरा.

यावर प्राणिमित्रांचं म्हणणं ठरलेलं : घोड्यांचा धंदाच बंद करा. मुंबईत व्हिक्टोरिया बेकायदा असल्याचा निकाल 2015 च्या जूनमध्ये उच्च न्यायालयाने दिला. तो मला पटतो, डांबरावर घोडा पळवणं वाईटच होतं. पण माथेरानला मोटार नाही, घोडा आहे. पाचगणीच्या पठारावर, महाबळेश्वरला आहे, वरातीत आहे. देशातले घोडे-तट्टू 2012 च्या पशुगणनेत सव्वासहा लाखांच्या आसपास होते, 2019 मध्ये साडेतीन लाखांच्याही खाली आले. धंदा आपोआप आटतो आहे. जसजसा आटतो, तसतसं जनावर आणखी गरिबाच्या हातात जातं आणि डॉक्टर आणखी लांब. घोडा असावा की नसावा हा वाद चालू द्या. तोवर जो उभा आहे त्याला लघवी होते की नाही, एवढं बघायला कुठलीही विचारधारा आड येऊ नये. प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या 1960 च्या कायद्याचं तिसरं कलम जनावर सांभाळणाऱ्यावर त्याच्या स्वास्थ्याची आणि विनाकारण वेदना टाळायची जबाबदारी टाकतं. त्यात अवयवांची यादी नाही, म्हणून हाही अवयव त्यात आला.

मागणं मोठं नाही. मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून आहे, साताऱ्याकडे शिरवळला आहे. यात्रांमध्ये त्यांची शिबिरं लागली तर त्यात या तपासणीचा एक टेबल ठेवावा आणि मराठीत-उर्दूत चित्रांचा एक कागद छापावा. सवारीचा परवाना देताना आरोग्याच्या दाखल्यात खूर, दात, पाठ यांच्यापुढे कोश हा एक शब्द घालावा. मोतद्दार पोरांना एका दुपारीत शिकवता येतं. आणि ज्या मोहल्ल्यांत चार-दोन घरं घोड्यांवर जगतात, तिथल्या इमामांनी जुम्म्याच्या बयानात तहारतीवर बोलताना दोन वाक्यं जनावरांवर खर्चावीत. तो तट्टूवाला माझं ऐकणार नाही, त्यांचं ऐकेल. महाशिवरात्रीला तो पुन्हा आला तर मी विचारणार आहेच. या वेळी सोबत हातमोजे आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन जाईन आणि देवगडच्या गुरांच्या डॉक्टरांना आदल्या दिवशी फोन करून ठेवीन.